हातघडणीचा सिरॅमिक अस्थिकलश : परदेशातील मराठी घराच्या उपयोगाचा कितपत?

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबात मृत्यू झाला की अस्थिविसर्जन दहा दिवसांत होईलच असे नसते. रजा, तिकिटे, ओसीआय कार्डाची (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओळखपत्राची) कागदपत्रे, घरातल्या दुसऱ्या वृद्धाची तब्येत, यांपैकी काहीतरी आडवे येतेच, आणि दाहगृहाने दिलेला रक्षेचा डबा महिनोन्‌महिने कपाटात किंवा गॅरेजमध्ये पडून राहतो. इंग्लंडमध्ये हा डबा बहुधा फिरकीच्या झाकणाचा, गडद रंगाच्या प्लॅस्टिकचा असतो आणि त्यावर नाव व दहनक्रमांकाची छापील चिठ्ठी चिकटवलेली असते. सासूबाईंच्या निधनानंतर पावसाळा संपेपर्यंत नाशिकला जाणे शक्य नव्हते, आणि तोवर त्या डब्याकडे पाहवत नाही असे सासऱ्यांचे म्हणणे होते; म्हणून डेव्हनमधील एका कुंभाराकडून हाताने घडवलेला सिरॅमिक कलश करून घेतला. तो कलश, त्याच कुंभाराचा एक चिमुकला कलश आणि न भाजलेल्या मातीचा एक नमुना, या तिन्हींविषयी येथे लिहीत आहे. गृहस्थ एकटेच काम करतात आणि मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत, म्हणून त्यांचे नाव देत नाही. तसेही पुढच्या बहुतेक गोष्टी कोणत्याही स्टुडिओ पॉटरकडून, म्हणजे स्वतःच्या कार्यशाळेत हाताने भांडी घडवणाऱ्या कुंभाराकडून, कलश घेताना उपयोगी पडतील.

प्रथम आकारमानाविषयी, कारण आपल्याकडचे अंदाज येथे हमखास चुकतात. लाकडाच्या चितेनंतर तिसऱ्या दिवशी आपण निवडक अस्थी वेचतो. त्या छोट्या मडक्यात किंवा लाल फडक्याने तोंड बांधलेल्या तांब्यात सहज मावतात. इंग्लंड-अमेरिकेतील दाहगृहात मात्र भट्टीतून निघालेल्या सगळ्या अस्थींतून धातूचे तुकडे वेगळे काढून उरलेले यंत्रात दळले जाते आणि ते सगळेच्या सगळे कुटुंबाच्या हाती दिले जाते. प्रौढ माणसाची ही रक्षा साधारणपणे दोन ते तीन किलो भरते आणि ती जाडसर रव्यासारखी, पांढुरकी-करडी असते. या व्यवसायातील ढोबळ हिशेब असा की शरीराच्या एका पौंड वजनाला एक घन इंच जागा धरायची, म्हणजे किलोमागे सुमारे ३६ मिलिलिटर. पूर्ण आकाराचे म्हणून विकले जाणारे कलश २०० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ३.३ लिटरचे असतात, ते याच हिशेबाने. प्रत्यक्षात रक्षा हाडांची असते, चरबीची नव्हे; त्यामुळे हा हिशेब स्थूल माणसाच्या बाबतीत जास्त जागा दाखवतो आणि उंच, काटक माणसाच्या बाबतीत थोडा कमी पडू शकतो. सासूबाई लहान चणीच्या होत्या, म्हणून आम्ही २.५ लिटरचा कलश सांगितला.

ही मागणी कुंभाराच्या दृष्टीने दिसते तितकी सोपी नसते. वापरलेली माती चाकावरच्या ओल्या अवस्थेपासून भट्टीतून बाहेर पडेपर्यंत १२ टक्के आकसते, आणि ही घट लांबी, रुंदी व उंची या तिन्ही दिशांनी होत असल्यामुळे आतली जागा जवळजवळ एकतृतीयांशाने घटते. ३.३ लिटरचा कलश हवा असेल तर चाकावर सुमारे ४.८ लिटरचा घडवावा लागतो. एवढे करूनही हाताने घडवलेले भांडे शब्दशः मापाबरहुकूम उतरत नाही, आणि ते उतरावे अशी अपेक्षाही मी धरणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कलश आल्यावर स्वयंपाकघरातल्या मापाच्या जारने मी त्यात पाणी भरून पाहिले. काठापर्यंत बरोबर अडीच लिटर पाणी मावले. पण झाकणाला खालच्या बाजूने जो गोल ओठ आहे तो आत उतरतो, आणि झाकण बसवताच पाणी बाहेर सांडले. उपयोगाची जागा २.३ लिटरच निघाली. आमचे त्यात भागले; एखाद्याचे भागणार नाही, आणि उरलेली रक्षा हातात घेऊन उभे राहण्याची पाळी कुणावरही येऊ नये. कुंभाराला लिहिले तेव्हा त्यांनी ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली आणि यापुढे झाकण लावून मोजलेले माप देईन असे कळवले.

या पाण्याचा दुसराही उपयोग झाला. रात्रभर पाणी भरलेला कलश वर्तमानपत्रावर ठेवला. सकाळी कागद पूर्ण कोरडा होता. स्टोनवेअर म्हणजे १२०० अंश सेल्सिअसच्या वर भाजलेली, दगडासारखी घट्ट झालेली माती, आणि ती नीट भाजली गेली असेल तर झिलईच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाच्या, भरवशावर न राहताही तिच्यातून पाणी पाझरू नये. बाजारात राकू या मूळच्या जपानी पद्धतीचे कलशही पुष्कळ दिसतात. त्यांच्यावरची धुराची काळी जाळी आणि तांब्याची झळाळी फारच देखणी असते. परंतु राकूचे भांडे कमी उष्णतेवर भाजलेले आणि सच्छिद्र असते. घरात कोरड्या जागी ठेवायचे असेल तर हरकत नाही. इंग्लंडमधल्या गारठलेल्या शेडमध्ये किंवा बागेत ठेवायचे असेल तर घेऊ नये, कारण अंगात मुरलेले पाणी गोठले की अशा भांड्याचे पापुद्रे सुटतात. मोठ्यांच्या सांगण्यावरून अस्थी घराबाहेर ठेवणाऱ्या कुटुंबांनी हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा.

दिसायला कलश सुंदर आहे, याबद्दल मला काहीही हातचे राखून लिहायचे नाही. झिलई लाकडाच्या राखेची आहे. झाडाची राख, फेल्डस्पार नावाच्या दगडाची पूड आणि थोडी माती यांचे मिश्रण भांड्यावर चढवले की भट्टीत राखेतला चुना आणि पोटॅश त्या दगडाला वितळवतात, आणि वितळलेली झिलई आपल्याच वजनाने खाली ओघळते. आमच्या कलशाच्या खांद्यावरून शेवाळी रंगाचे असे ओघळ उतरले आहेत. पायापासून बोटभर वर ते थांबले आहेत आणि प्रत्येकाच्या टोकाला काचेसारखा एकेक मणी गोठला आहे. त्याखाली तपकिरी माती उघडी आहे आणि तिच्यावर कुंभाराच्या बोटांची वळणे हाताला लागतात. ब्रिटनमधील स्टुडिओ पॉटरीच्या ज्या परंपरेचा उगम बर्नार्ड लीच आणि शोजी हामादा या कुंभारांनी १९२० मध्ये सेंट आइव्हज येथे सुरू केलेल्या कार्यशाळेत सापडतो, तिचाच हा वारसा आहे, आणि झिलईचा संयम पाहता तो ओळखू येतो. राखेवरून निघालेली एक गोष्ट सांगून टाकते : काही कुंभार मागणीनुसार मृत व्यक्तीची चमचाभर रक्षाच झिलईत मिसळून देतात. तंत्राच्या दृष्टीने त्यात नवल नाही. हाडांची राख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कारखान्यांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून गुरांच्या हाडांच्या राखेनेच बोन चायना बनत आले आहे. आम्हालाही तसे विचारण्यात आले. सासऱ्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले, त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही.

नाव देवनागरीत कोरून मिळेल का, अशी विचारणा मी जरा साशंकपणेच केली होती. कुंभाराला लिपी येत नाही. त्यांनी मोठ्या अक्षरांत छापलेला कागद मागवून घेतला, कलश चामड्याइतका घट्ट सुकल्यावर तो कागद त्यावर ठेवून अक्षरे टोचून घेतली आणि मग कोरली. शिरोरेघ सरळ आहे, ‘सिंधू’मधला दीर्घ उकार योग्य वळणाचा आहे, पहिल्या वेलांटीची गोलाई तर एखाद्या सुलेखनकाराने उचलावी अशी. मात्र अनुस्वाराचे टिंब उथळ कोरले गेले होते, त्यात झिलई भरली आणि भट्टीतून कलश बाहेर आला तो ‘सिधू’ होऊन. तिरप्या उजेडात पाहिले तर बारीकसा खळगा दिसतो, एरवी नाही. देवनागरीत नाव घालायचे असल्यास टिंबे, रफार आणि जोडाक्षरांतले बारीक भाग दुप्पट खोल कोरायला सांगावे, किंवा नाव झिलई नसलेल्या पट्टीवर घ्यावे. अक्षरेही मातीबरोबर आकसतात, म्हणून हवी त्यापेक्षा थोडी मोठीच द्यावीत.

झाकण हा या कलशाचा सर्वांत उत्तम भाग आहे. भट्टीत ते कलशावर बसवूनच भाजले आहे, म्हणून तोंडाचा घेर आणि झाकणाचा घेर एकमेकांबरोबरच किंचित वाकले आणि बसणी अचूक राहिली; जिथे दोन्ही टेकतात तेवढी कड चिकटू नये म्हणून झिलईविना सोडली आहे. फिरवताना खरखर होत नाही, म्हणजे कड नंतर घासून गुळगुळीत केलेली असावी. मेणाने किंवा पारदर्शक सिलिकॉनने बंद करण्याची सूचना सोबत होती. पुढे रक्षा काढायचीच आहे हे ठाऊक असणाऱ्यांनी मेण वापरावे. सिलिकॉन सोलून काढताना जीव मेटाकुटीला येतो आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या तर वाटेलाच जाऊ नये.

खरी अडचण तोंडाची आहे, आणि याच एका कारणासाठी हे सविस्तर लिहावेसे वाटले. कलशाचे तोंड सात सेंटिमीटरचे आहे आणि त्याखाली भरदार खांदा आहे. दाहगृहाच्या डब्यात रक्षा पिशवीत भरलेली असते. ती पिशवी सात सेंटिमीटरच्या तोंडातून आत जात नाही, म्हणून रक्षा मोकळीच ओतावी लागते. जाड कागदाचे नरसाळे करून, खिडक्या बंद करून, अगदी सावकाश ओतले तर धूळ उडत नाही. ज्यांना हे हाताने करवणार नाही त्यांनी अंत्यविधी करणाऱ्या संस्थेला विचारावे. अनेक संस्था एवढे काम करून देतात. भरणे कसेबसे जमते. काढणे मात्र जमत नाही. नाशिकला निघण्याआधी रक्षा पुन्हा प्लॅस्टिकच्या डब्यात घ्यायची होती. कलश उलटा केला तरी खांद्याच्या आतल्या वळणात मूठभर रक्षा अडकून राहिली. हलवले, थोपटले, मऊ कुंचला घालून पाहिला, आणि शेवटी पाणी घालून कलश विसळावा लागला. ते पाणी मोरीत ओतणे कोणाच्याच मनाला पटणारे नव्हते, म्हणून बाटलीत भरून नदीवर नेले.

दोष कुंभाराच्या हाताचा नाही. येथले कलश एकदा भरायचे आणि पुन्हा उघडायचे नाहीत या समजुतीने घडवले जातात. ब्रिटनमध्ये सध्या दर पाच मृतांपैकी जवळजवळ चौघांचे दहन होते आणि त्यांतली बरीच कुटुंबे कलश कायमचा घरात, दफनभूमीत किंवा कोलंबेरियमच्या (अस्थिकलश ठेवण्यासाठी बांधलेल्या वास्तूच्या) कोनाड्यात ठेवतात. आपल्या हाती कलश असतो तो विसर्जनापर्यंत. तेव्हा आपल्याला अरुंद गळ्याचा, पुष्ट खांद्याचा, छायाचित्रात शोभणारा घाट नको. सरळ बाजूंचे, किमान बारा सेंटिमीटर तोंडाचे, लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीसारखे भांडे हवे, ज्यात पिशवी जशीच्या तशी उतरेल आणि तशीच बाहेर येईल. असे घडवणे कुंभाराला उलट सोपे जाते. फक्त ते मागावे लागते, कारण तयार नमुन्यांत हा घाट क्वचितच असतो.

अस्थी घरात ठेवायच्या की नाहीत, यावर आमच्याकडे फोनवरून बरीच चर्चा झाली. पुण्याच्या आत्याबाईंचा स्पष्ट विरोध होता आणि तो अनाठायी नव्हता : आपल्याकडे अस्थी घरात आणत नाहीत, स्मशानातल्या कपाटात किंवा झाडाला बांधून ठेवतात, आणि मातीचे मडके तर चितेभोवती फिरताना भोके पाडून फोडण्यासाठीच असते. तरीही जुन्या नोंदी पाहिल्या तर चित्र एकरंगी राहत नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात पुरुषाच्या आणि स्त्रीच्या अस्थींसाठी वेगवेगळे कुंभ सांगितले आहेत, आणि अस्थी सुपाने पाखडून कुंभ खड्ड्यात पुरण्याचा विधी दिला आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलेल्या, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे तर तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे संस्कृतीतील लोक मृत बालकांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत असत. आत्याबाईंना हे सांगून काही फरक पडला नाही, आणि पडावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. ज्या घरातल्या ज्येष्ठांना हे खुपते, तिथे एवढे पैसे खर्चून घरात वाद आणू नये. आमच्याकडे सासऱ्यांचाच आग्रह होता, त्यामुळे कलश बैठकीच्या खोलीऐवजी वरच्या मजल्यावरच्या जिन्याजवळ ठेवला आणि विषय तिथेच मिटला.

विमानप्रवासासाठी हा कलश मुळीच उपयोगाचा नाही. कलश दोन किलोचा, रक्षा त्याहून किंचित अधिक, आणि सुरक्षा तपासणीत क्ष-किरणांना आरपार दिसले पाहिजे ही मुख्य अट. धातूचे भांडे त्यात बसत नाही. जाड सिरॅमिकचीही खात्री देता येत नाही. अमेरिकेतील टीएसए ही विमानतळांवर सुरक्षा तपासणी करणारी सरकारी यंत्रणा तर स्पष्ट सांगते की मृताच्या सन्मानार्थ कर्मचारी कलश उघडणार नाहीत, कुटुंबाने विनंती केली तरीही नाही, आणि आतले दिसले नाही तर तो पुढे जाऊ देणार नाहीत. प्लॅस्टिकचा किंवा लाकडी हलका डबा, हातातल्या सामानात, सोबत मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वकिलातीने सांगितलेली कागदपत्रे, हीच बिनधोक रीत. म्हणूनच दाहगृहाचा तो कुरूप डबा फेकून देऊ नये. बेत वर्षानुवर्षे लांबणीवर पडणार असेल तर गोष्ट वेगळी : क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मा १९३० मध्ये जिनिव्हात वारले आणि त्यांच्या व पत्नी भानुमतीबाईंच्या अस्थी तेथून भारतात आल्या त्या २००३ मध्ये.

चिमुकल्या कलशाविषयी थोडक्यात. मुठीत मावणारा, चमचा-दोन चमचे रक्षा राहील असा तो आहे. भावंडे वेगवेगळ्या देशांत असतील तर घ्यावा असे कुंभार सुचवतात. काम सुबक आहे, पण अस्थींची वाटणी आमच्या घरात कोणालाच पटली नाही आणि तो रिकामाच राहिला.

न भाजलेल्या मातीचा कलश मात्र आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. चाकावर घडवून केवळ सुकवलेला, झिलई नसलेला, आत रक्षा ठेवून पाण्यात सोडायचा. कुंभाराने त्याच मातीचा एक जाड तुकडा नमुन्यादाखल पाठवला होता. तो बादलीत टाकताच बुडबुडे सुटू लागले, कडा पाकळ्यांसारख्या गळाल्या आणि तासाभरात तळाशी नुसता गाळ उरला. शाडूच्या गणपतीचे विसर्जन घरी करणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. माती पूर्ण कोरडी असेल तरच ती अशी लवकर विरघळते, दमट राहिली तर उलट जास्त वेळ घेते, म्हणून असा कलश कोरड्या कपाटात ठेवावा. आणि तो अत्यंत ठिसूळ असतो, उचलताना काठाला धरू नये. दूरच्या प्रवासाला तोही चालणार नाही. ब्रिटनमध्येच विसर्जन करणाऱ्यांसाठी, उदाहरणार्थ लेस्टरजवळ बॅरो अपॉन सोर येथे सोर नदीत नावेतून रक्षा सोडणाऱ्यांसाठी, तो योग्य वाटतो. मात्र रक्षेबरोबर दुसरे काय पाण्यात सोडता येईल हे नाववाल्यांना आधी विचारावे. पर्यावरण खात्याची भूमिका अशी आहे की रक्षेला हरकत नाही, प्लॅस्टिक किंवा धातूच्या वस्तू नदीत टाकू नयेत. भाजलेले स्टोनवेअर तर नदीत कधीच सोडू नये. इनामगावचे कुंभ तीन हजार वर्षे टिकले ते याहून कितीतरी कच्चे भाजलेले होते.

किमतीचे सांगायचे तर मोठ्या कलशाला २२० पौंड पडले, नाव कोरण्याचे ३५ वेगळे. चिमुकला ६० पौंडांना आणि न भाजलेला ९० पौंडांना आहे. माती सुकणे, पहिली भाजणी, झिलई, दुसरी भाजणी आणि भट्टी पूर्ण भरेपर्यंतचा थांबा धरून कुंभार सहा ते आठ आठवड्यांची मुदत सांगतात आणि ती त्यांनी पाळली. पेटीच्या आत पेटी अशी बांधणी होती, मध्ये लाकडाचा भुसा. कुठे टवका उडाला नव्हता. सफाईदार यंत्रनिर्मित कलश याच्या निम्म्या किमतीत मिळतात आणि ज्यांना काही महिन्यांचाच प्रश्न आहे त्यांना ते पुरतात. हाताच्या कामाचे मोल ज्यांना द्यायचे आहे त्यांनी ते जरूर द्यावे, पण घाट आपल्या गरजेचा मागून घेऊन. हा हिशेब भारतातही लागू पडेल : पुद्दुचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीने १९७१ पासून स्टोनवेअर शिकलेल्यांची पिढी उभी केली आहे, आणि तोंड व झाकणासकटचे माप लिहून दिले तर बरणीच्या घाटाचा कलश घडवणे अशा कोणालाही अवघड नाही.

एक व्यवहाराची बाब राहिली. ब्रिटनमध्ये दूरवरून मागवलेली वस्तू १४ दिवसांत विनाकारण परत करण्याचा जो हक्क ग्राहकाला असतो, तो नाव कोरलेल्या किंवा खास मापाने बनवलेल्या वस्तूला लागत नाही. सदोष मालाबद्दल दाद मागण्याचा हक्क मात्र कायम राहतो. तेव्हा कलश हाती आल्यावर रक्षा भरण्यापूर्वीच पाणी भरून माप आणि गळती दोन्ही तपासावीत, नावातले प्रत्येक टिंब उजेडात धरून पाहावे, छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि कलश आतून दोन दिवस पूर्ण सुकल्यानंतरच पुढचे काम हाती घ्यावे.